लिंबाजीआप्पांचा पुण्यातला गुडघा

लिंबाजीआप्पांना कुणी "कसं काय आप्पा, बरं हाय का?" असं विचारलं की त्या काळात ते लगेच उत्तर देत नसत. आधी उजव्या गुडघ्यावर हात ठेवत, थोडा विचार करत आणि मग सांगत, "मी बरा हाय. पुण्याचं अजून कळलं न्हाई."

नवख्या माणसाला वाटायचं, पोरगा पुण्याला असेल. आमच्या नांदूरघाटातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी पुण्याला आहेच. तो विचारायचा, "काय करतोय तिकडं?" आप्पा म्हणत, "काय करणार, फ्रीजमधी हाय." मग तो माणूस घाबरून माझ्याकडं बघायचा आणि मी गोळ्यांच्या पट्ट्या लावत असल्याचं सोंग करायचो. कारण ही भानगड एका दमात सांगता येत नाही, आणि सांगत बसलो की गिऱ्हाइकं खोळंबतात.

स्टँडजवळ माझं मेडिकल आहे. आप्पा मला नावानं हाक मारत नाहीत, "ए मेडिकल!" अशी मारतात. मला ते आवडत नाही, पण त्यांना आवडतं, त्यामुळं आता सगळं गाव मला मेडिकल म्हणतं. आप्पांची थोडी कोरडवाहू जमीन आहे, शेळ्या आहेत आणि घरात सगुणाकाकू आहेत. पोरबाळ नाही. आणि सांधे सुजायचा जुनाट आजार आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, सदऱ्याच्या गुंड्या काकू लावून देतात. निरगुडीचा शेक झाला, रुईची पानं बांधून झाली, चकलांब्याच्या एका बुवाचं तेल झालं. शेवटी काकूंच्या भाच्यानं त्यांना धरून पुण्याच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथं त्यांना अनुजा भेटली. ही अनुजा म्हणजे चष्मेवाली, काटकुळी पोरगी. पीएच.डी. करत होती. बाहेरून आलेल्या जंतूंना मारायचं सोडून ज्या पेशी आपल्याच सांध्याच्या अस्तराला खायला लागतात, त्या पेशींचा तिचा अभ्यास. त्यासाठी तिला सुजलेल्या सांध्याच्या आतला तांदळाएवढा तुकडा हवा होता. तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. वर हेही सांगितलं की काका, यानं तुमचा आजार बरा होणार नाही, झाला तर पुढच्या लोकांना फायदा होईल.

आप्पांनी एकच प्रश्न विचारला. "तुकड्याला नाव कुणाचं लावणार?"

"नाव नाही लावत काका. फक्त नंबर. तुमची ओळख गुप्त राहावी म्हणून."

"म्हंजे बेवारशी ठिवणार?" आप्पा उठायलाच लागले. "न्हाई, ते जमायचं न्हाई."

"बेवारशी कसा असेल? मी आहे ना बघायला," अनुजा म्हणाली. तेवढ्यावर गडी बसला आणि त्यानं अंगठा नव्हे, चांगली झोकदार सही केली.

तुकडा काढला तो दिवस आप्पा अजून रंगवून सांगतात. "सुई कशाची बे, बोअरची मशीन हुती! पाणी लागंस्तवर खाली गेली." मी त्यांना सांगितलं, आप्पा, जागा बधिर करतात आधी. त्यावर ते म्हणाले, "जागा बधिर केली, मला कुठं केलतं?"

तब्येत कळवायला अधूनमधून फोन करा, असं अनुजाच म्हणाली होती. बिचारीला काय माहीत! आप्पांच्या बोटांना मोबाईलची काच जुमानत नाही, म्हणून दर बाजारच्या दिवशी ते माझ्याकडं येणार. त्यांची आठवड्याला एकदा घ्यायची गोळी असते, ती माझ्यासमोर गिळणार आणि मग मोबाईल माझ्या काउंटरवर ठेवणार. "लाव पुण्याला. मोठ्यानं लाव."

मोठ्यानं, म्हणजे दुकानापुढच्या बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हॅलो म्याडम, नांदूरघाटाहून! कसा हाय?"

"काका, तुम्ही कसे आहात?"

"माझं मरू द्या. त्यो कसा हाय?"

"मजेत आहे. उणे ऐंशीला ठेवलाय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, बर्फाहून कितीतरी थंड. आप्पांचं तोंड उतरलं. "अगं बाई, थंडी पडली तर आमी शेरडं सुदिक आत घेताव! त्येला अधनंमधनं उन्हाला तरी टाकत जावा."

"उन्हात खराब होईल काका."

"कवळ्या उन्हात हो. घटकाभर."

तिनं परत सगळं समजावलं. खूप जणांचे तुकडे गोळा करायचे आहेत, सगळे जमले की एकदमच तपासायचे, म्हणजे तुलना नीट होते. तोवर थंडीतच राहायला हवेत. आप्पांना एवढंच बरं वाटलं की तो एकटा नाही, सोबतीला बाकीचे आहेत. "युसूफ वडगावचं कुणी हाय का त्यात?" असं आमच्याच तालुक्यातल्या त्या गावाचंही विचारून घेतलं. ती म्हणाली, ते सांगता येत नाही. आप्पा मला म्हणाले, "म्हंजे असणार."

मग गावात शास्त्र सुरू झालं. दवाखान्यातले लोक या पेशींना शरीराचे सैनिक म्हणतात. आप्पांना ते बिलकूल मान्य नाही. "सैनिक बाहेरच्यासंगं लढतेत. ह्ये घरातच एकमेकाचं डोस्कं फोडायलेत. ह्ये सैनिक न्हाईत, ही भावकी हाय. शास्त्र हाय हे, थट्टा न्हाई!"

"शास्त्र हाय हे" हे त्यांचं पालुपद. शेळी व्याली तरी शास्त्र आणि एस.टी. चुकली तरी शास्त्र.

एकदा अनुजानं त्यांना फोनवर आपल्या कामातली खरी मेख सांगितली. गोळीनं सूज उतरते, माणसाला वाटतं आजार गेला. पण काही पेशी त्याच सांध्यात दबा धरून बसलेल्या असतात. जुनं सगळं त्यांच्या लक्षात असतं. जरा निमित्त झालं की पुन्हा तोच सांधा सुजतो. त्या पेशी तिथंच का बसतात आणि त्यांना उठवायचं कसं, हे तिला शोधायचं होतं.

"कळलं," आप्पा बाकड्याकडं वळून म्हणाले, "म्हंजे बांधावरलं म्हातारं. मोजणी झाली, खुणा रोवल्या, कोर्ट झालं, समदं मिटलं. तरी ते उठत न्हाई. कुणाचं जनावर बांधाला लागलं की झालं त्याचं सुरू."

नेमके तेव्हा काउंटरला दगडूनाना उभे होते. दगडूनाना म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ, आणि त्यांचा बांध आप्पांच्या बांधाला लागून आहे. या बांधानं दोघांच्या वकिलांची घरं बांधून दिलीत. नानांनी जेलुसिलची बाटली खाली ठेवली.

"लिंबाजी, म्हातारं कुणाला म्हणायलास?"

"पेशीला."

"मग मपल्याकडं बघून कावून म्हणायलास?"

"तुझ्याकडं न्हाई, तुझ्या मागल्या क्यालेंडरकडं बघायलो."

दिवस मावळायच्या आत गावभर झालं की लिंबाजीनं दगडूला रोग म्हटलं. दोघांचं बोलणं बंद. मी मध्ये पडलो आणि नानांना सांगितलं, वैद्यकीयदृष्ट्या आप्पांचं बरोबर आहे. तेव्हापासून नाना जेलुसिल तालुक्याच्या गावाहून, केजहून आणतात.

फोन मात्र चालूच. पुढं पुढं तुकड्याची चौकशी एका वाक्यात उरकायची आणि मग पंधरा मिनिटं भलतंच. "जेवलीस का? काय हुतं मेसला?... दुधी? परवा बी दुधीच हुता की! त्या मेसवाल्याचा नंबर दे." मी समजलो गंमत आहे. पण त्यांनी खरंच नंबर लावायला लावला आणि त्या माणसाला सांगितलं, "मी अनुजा म्याडमच्या गुडघ्याकडून बोलायलोय." त्यानं फोन आपटला. आप्पांना ते अजिबात लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत लावायला सांगितला.

म्याडमची हळूहळू अनू झाली. तिला सर्दी झाली तर इकडं सगुणाकाकू आडुळशाचा काढा कसा करायचा ते माझ्या काउंटरवर येऊन सांगणार. आणि मी सर्दीची औषधं विकणारा माणूस, समोर उभा! गावात आप्पा छाती काढून सांगत, "पोरगी डाक्टर व्हायलीय, मपल्या गुडघ्यावर." ते खोटंही नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका बाजारच्या दिवशी आम्ही लावायच्या आधी तिचाच फोन आला. मी सवयीनं मोठ्यानं लावला. तिचा आवाजच वेगळा होता. सुट्टीत दोन दिवस सगळे गावाला गेले होते. लाइट गेली, जनरेटर लागला नाही, फ्रीज बंद पडला. धोक्याची घंटा रिकाम्या इमारतीत वाजत राहिली. सगळे तुकडे विरघळून वाया गेले.

"काका, तुमचाही गेला. माझी इतक्या वर्षांची मेहनत गेली. मी बघते म्हणाले होते तुम्हाला..."

आप्पा फोनवर नेहमी असं बोलतात की फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. त्या दिवशी हळू बोलले. "तू कुठं हुतीस?"

"घरी गेले होते. दिवाळीला."

"बरं केलंस," आप्पा म्हणाले, "वर्साचा सण हाय."

तिनं फोन ठेवून दिला. आप्पा काठी टेकत निघून गेले आणि त्या दिवशीची गोळी काउंटरवरच राहिली. मला वाटलं, दु:खात विसरले.

दुसऱ्या दिवशी दगडूनाना चोरपावलांनी दुकानात आले. "मेडिकल, तू शिकलेला हायस. भावकीला सुतक लागतं का?"

"कशाचं?"

"लिंबाजीचं पुण्याचं गेलं म्हणं."

"नाना, तांदळाएवढा तुकडा होता तो!"

"तांदळाएवढा असू दे, रक्ताचा हाय का न्हाई? शुक्रवारी पोराचा साखरपुडा हाय. उद्या काय वाकडं झालं तर तू भरून देणार का बे?"

शेवटी बोलणं बंद असलेला माणूस त्या एका शंकेपायी आप्पांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. आप्पांनी अगदी गंभीरपणे निकाल दिला. "सुतक जित्या जिवाचं असतंय दगडू. कर साखरपुडा. अन् मला बोलवायचं इसरू नगं." नानांनी बोलावलं, आप्पा जेवून आले, वर भात कच्चा होता म्हणून गावभर सांगितलं. म्हणजे संबंध पहिल्यासारखे झाले.

मी विचारलं, "आप्पा, पुण्याला जायचं का?"

"जायचं. मुद्द्याचं बोलायचंय. पण जरा थांबू."

थांबू म्हणजे कशासाठी, ते सांगेनात. गावाला वाटलं, आप्पा भांडायची तयारी करतायत. पारावरून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं भरपाई माग, कुणी म्हणालं पेपरात दे, एकानं तर आमदाराची चिठ्ठी आणून देतो म्हणून सांगितलं. आप्पा सगळ्यांना "बघू" म्हणत. बाजारांमागून बाजार गेले, ते दुकानाकडं फिरकले नाहीत. मी काकूंना गोळीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "केजवरून आणतो म्हणतेत." मला राग आला. दगडूनाना गेले तसे हेही गेले, असं वाटलं. मग एके दिवशी लंगडत दारात आले. "ए मेडिकल, उद्या दुकान बंद ठिव. पुण्याला जायचंय."

मी गेलो, कारण मला त्या पोरीची काळजी वाटत होती. हा माणूस तिथं काय तमाशा करील याचा नेम नव्हता. काकूंनी फडक्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडीत आप्पा ते फडकं मांडीवर धरून बसले. नगरला उतरले तेव्हा दोन घोट पाणी प्यायले, तेवढंच. मी मनात माफीचं भाषण जुळवत होतो. पोरगी लहान आहे, यंत्र आहे, बिघडतं, वगैरे.

अनुजा आम्हाला बघून उभीच राहिली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिच्या सरांनी तिला विषयच बदल म्हणून सांगितलं होतं. पुन्हा एवढे लोक तयार कधी व्हायचे आणि एवढे तुकडे कधी जमायचे! "काका, तुम्ही रागवा मला," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

आप्पांनी आधी फ्रीज बघायला मागितला. त्याच्यावर काठीनं टकटक केलं. "ह्यो का त्यो," म्हणाले. मग स्टुलावर बसले, दशम्यांचं फडकं तिच्या टेबलावर ठेवलं आणि धोतर वर करून डावा पाय पुढं केला.

"ह्यो घे. डावा. उजव्यापरीस ताजा हाय."

गुडघा कवठाएवढा सुजला होता. अनुजाचं रडणं तिथंच अडकलं. तिनं वाकून हात लावून बघितलं. "काका, एवढा कसा सुजला? गोळी चालू आहे ना?"

आप्पा छताकडं बघायला लागले. "तूच म्हणली हुतीस, सूज नसंल तर तुकडा काढून उपेग न्हाई. मंग बंद केली. येईना म्हणून जरा वाट बघावी लागली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती पोरगी अशी कडाडली की बाजूच्या खोलीतले लोक दारात आले. "काही अक्कल आहे का तुम्हाला? सांधा कायमचा गेला असता म्हणजे? कुणी सांगितला होता हा शहाणपणा? काकू काय करतायत? आणि तुम्ही," ती माझ्याकडं वळली, "तुम्ही मेडिकलवाले ना? तुम्हाला कळलं नाही?"

आप्पा मात्र कीर्तनाला बसल्यासारखे तृप्त चेहऱ्यानं ऐकत होते. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ बे. रडायची थांबली."

तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही आप्पांची हजेरी घेतली, गोळी आजच सुरू करायला लावली, गुडघ्यातलं पाणी उद्या काढू म्हणाले. आप्पांनी विचारलं, "अन् तुकडा?"

"तो मी घेणार नाही," अनुजा म्हणाली.

"मंग तू डाक्टर कशी हुशील?"

"होईन. उशिरा होईन. पण तुमचा पाय मोडून नाही. मी परत पहिल्यापासून लोकांना विचारीन. गोळी चालू असताना तुमचा सांधा आपणहून सुजला, तर पहिला मान तुमचा. मुद्दाम सुजवलात तर मात्र फोनसुद्धा उचलणार नाही."

विषय बदलायचं तिनं मनातून काढून टाकलं होतं, हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. आप्पांनी धोतर खाली घेतलं. एवढ्या लांबून आणलेला माल परत न्यायला लागला म्हणून जरा हिरमुसले, पण वाद घातला नाही.

ती आत जाऊन चहा आणि पाणी घेऊन आली. आप्पांचे ओठ कोरडे पडले होते, ते तिलाही दिसत होतं. आप्पांनी ग्लासाला हात लावला आणि बाजूला सारला. "नगं बाई. तहान न्हाई."

"मग चहा तरी?"

"चहा बी नगं."

तिचं तोंड उतरलं. "अजून राग आहे का काका?" आप्पा नुसते काठीच्या मुठीवर बोटं फिरवत बसले. तिला तिच्या सरांनी हाक मारली म्हणून ती दारापर्यंत गेली, तसा मी त्यांच्या कानाशी लागलो. "अहो, प्या की! नगरपासून कोरडे आहात. पोरीला वाईट वाटतंय."

"तुला रीत न्हाई ठावं का?" आप्पा कुजबुजले. पण त्यांची कुजबूजसुद्धा दारापर्यंत जाते. "लेकीच्या घरचं पाणी पीत नसतेत."

आमच्याकडं जुनी माणसं ही रीत पाळत. लेकीला दिलं की तिच्या दारात बापानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आता कुणी पाळत नाही. माझे सासरे आमच्याकडं येऊन महिना महिना राहतात. मला हसू आलं. मी म्हटलं, "आप्पा, तो तुकडा तर गेला ना आता? मग लेक कुठली?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला बऱ्याच शिव्या दिल्या, पण असं कधी बघितलं नव्हतं.

"तुकड्याचं कोण बोलायलंय बे?"

ही रीत पाळायची वेळ त्या माणसावर आयुष्यात कधी आलीच नव्हती.

दारात अनुजा उभी होती. ती टेबलावरचा ट्रे उचलून आत ठेवून आली, आप्पांची काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "चला काका, गेटपर्यंत येते." गेटाबाहेर रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. तिथं तिनं आप्पांना बाकड्यावर बसवलं आणि टपरीवाल्याकडून पाण्याचा ग्लास घेतला.

"हे माझं घर नाही," ती म्हणाली. "इथलं चालेल ना?"

आप्पांनी ग्लास एका दमात रिकामा केला. तिनं दुसरा दिला, तोही केला. मग खिशातली दस्ती काढून तोंड पुसायला घेतलं, आणि बराच वेळ दस्ती तोंडावरून काढलीच नाही. अनुजा त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसून राहिली. मी उगाच रस्त्यावरच्या गाड्या बघत उभा राहिलो.